शंभर गुणांचा जमाखर्च

गेल्या पावसाळ्यात मी महिनाभर बेंगळुरूला माझ्या भाच्याकडे मुक्कामाला होतो. भाच्याचे बिऱ्हाड व्हाइटफील्डमध्ये. शहराच्या पूर्व टोकाला असलेले हे उपनगर २०२३ पासून मेट्रोच्या जांभळ्या मार्गाने शहराशी जोडले गेले आहे. तरी मॅजेस्टिकला गाडीत बसल्यापासून तेथे उतरेपर्यंत तासभर सहज जातो. निवृत्त शिक्षकाला परक्या गावी दोनच उद्योग असतात. सकाळी फिरायला जाणे हा एक, आणि घरातील तरुण मंडळी काय करतात ते, त्यांना फारसे कळू न देता, पाहत बसणे हा दुसरा. या दुसऱ्या उद्योगातून आजच्या भाषणाचा विषय माझ्या हाती लागला.

रविवारी दुपारची जेवणे आटोपली की भाच्याकडे पाच-सहा मित्रमैत्रिणी जमत. टेबलावरची ताटे हलत आणि त्या जागी कागद, पेन्सिली व फासे येत. फासे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सोंगट्यांचा पट उभा राहतो. येथे पट नव्हता आणि फासेही नुसते सहा बाजूंचे नव्हते. काही आठ पैलूंचे, काही बारा, तर एक चक्क वीस पैलूंचा होता. भाचा मंडळींच्या अग्रस्थानी बसे आणि सांगू लागे, “तुम्ही दरीच्या काठाशी पोचला आहात. पूल तुटलेला आहे. पलीकडे एक दिवा हलताना दिसतो. काय करता?” मग ज्याला जे सुचेल ते तो बोले. एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा, आणि फासा सांगेल ते सर्वांनी मानायचे. नाटकाला संहिता असते, येथे ती नाही. खेळात हार-जीत असते, येथे तीही नाही. इंग्रजीत याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. आपण पात्रखेळ म्हणू. गोष्ट चालविणाऱ्याला सूत्रधार आणि ज्याच्या तोंडून खेळणारा बोलतो त्याला पात्र म्हटले, म्हणजे आपल्या परंपरेतील दोन चांगले शब्द पुन्हा कामाला लागतात.

पहिल्या रविवारी मी कोपऱ्यात वर्तमानपत्र धरून बसलो होतो. मंडळींचा वाद चालला होता की या खेपेस ‘क्लास’ ठेवायचे की ‘क्लासलेस’ खेळायचे. माझ्या पिढीतील माणसाच्या कानी ‘क्लासलेस’ हा शब्द पडला की त्याला वर्गहीन समाजावरची व्याख्याने आठवतात. या कंपनीत नोकरी करणाऱ्या मुलांना उतारवयात का होईना हा प्रश्न पडला, म्हणून मी वर्तमानपत्र खाली ठेवले. पण वाद होता मांत्रिकाने तलवार वापरावी की नाही याचा.

या खेळातील ‘क्लास’ म्हणजे पात्राचा पेशा. योद्धा लढतो, मांत्रिक मंत्र टाकतो, पुरोहित जखमा बऱ्या करतो, चोर कुलपे उघडतो. एकदा पेशा घेतला की त्याबरोबर काय येणार आणि काय कधीच येणार नाही हे नियमांच्या पुस्तकात ठरलेले असते. आपल्याकडील श्रोत्यांना यावरून बारा बलुतेदार आठवतील. सुताराने लोहाराच्या भात्याला हात लावू नये, असाच हा दंडक आहे. मात्र गावगाड्यात पेशा जन्माने पदरी पडे. या खेळात तो खेळणारा आपल्या खुशीने घेतो आणि पुढच्या गोष्टीत टाकूनही देतो. हा फरक लहान नाही. म्हणून मी येथे वर्ण वा वर्ग हे शब्द टाळून पेशा म्हणत आहे.

या खेळाचा जन्म अमेरिकेत १९७४ साली झाला. विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या लहान गावी राहणारे गॅरी गायगॅक्स आणि त्यांचे सहकारी डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाच्या तीन छोट्या पुस्तिका काढल्या. त्यांत तीनच पेशे होते: योद्धा, मांत्रिक आणि पुरोहित. चोर हा पुढच्याच वर्षीच्या पुरवणीत आला. यांतील पुरोहिताची जन्मकथा मोठी बोलकी आहे. आर्नेसन यांच्या खेळात एकाने रक्तपिपासू पिशाच्चाचे पात्र घेतले होते आणि ते इतके प्रबळ झाले की इतरांना खेळणे अवघड झाले. तेव्हा त्याला आवर घालण्यासाठी पिशाच्चांना पळवून लावणारा एक पेशा निर्माण करण्यात आला, तोच हा पुरोहित, असे जुने खेळाडू सांगतात. म्हणजे पेशांचा समतोल हा प्रश्न या खेळात मागाहून शिरला असे नाही. पुस्तक छापले जाण्याच्या आधीपासून तो टेबलाशी बसलेलाच होता.

समतोल कसा राखायचा? पहिल्या पुस्तकांची युक्ती आज आपल्याला चमत्कारिक वाटेल. पात्राने पराक्रम केला की त्याला अनुभवगुण मिळतात आणि ते साठले की ते एक पायरी वर चढते. दुसरी पायरी गाठायला योद्ध्याला २,००० अनुभवगुण लागत, पुरोहिताला १,५००, चोराला अवघे १,२००, आणि मांत्रिकाला २,५००. चोर दुबळा, म्हणून त्याला लवकर बढती. मांत्रिक पुढे जड जाणार, म्हणून त्याची बढती लांबणीवर. शिवाय नवशिक्या मांत्रिकाला दिवसाला एकच मंत्र येई. तो एकदा टाकला की उरलेला दिवस त्याने योद्ध्याच्या पाठीमागे लपून काढायचा. उलट वरच्या पायऱ्यांवर हाच मांत्रिक आगीचे लोळ सोडू लागे आणि योद्धा बिचारा कालच्यासारखीच तलवार फिरवीत राही. आज तू सोस, उद्या मी सोशीन, अशी ही वाटणी होती. कागदावर ती न्याय्य दिसते. परंतु खेळणाऱ्यांचा रविवार आजचा असतो. कोणाची बदली होते, कोणाचे लग्न ठरते, आणि गोष्ट मध्येच थांबते. मग ज्याने आधी सोसले त्याचे सोसणे तेवढे खरे ठरते.

हा दोष अनेक वर्षे लोकांच्या डोळ्यांत सलत होता. २००८ साली याच खेळाच्या चौथ्या आवृत्तीने तो मुळापासून काढायचे ठरविले. प्रत्येक पेशाला एकाच साच्यातील शक्ती दिल्या: काही केव्हाही वापरता येणाऱ्या, काही प्रत्येक झुंजीत एकदा, काही दिवसातून एकदा. योद्धा आणि मांत्रिक यांचा हिशेब आता बरोबर जुळू लागला. मौज अशी की, मग पुष्कळ खेळणाऱ्यांनी तक्रार केली की सगळेच पेशे सारखे वाटतात. मांत्रिक असण्यात काही गंमतच उरली नाही. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तो साचा बराचसा मोडण्यात आला. समता आली तेव्हा वेगळेपण गेले, आणि ज्याच्यासाठी लोक पेशा घेत होते तेच हरवले.

दुसरी वाट पेशाच न ठेवण्याची. तीही फार जुनी आहे. १९७७ सालच्या ‘ट्रॅव्हलर’ या अवकाशप्रवासाच्या खेळात पेशांची चौकट नाही. पात्राने आजवर कोठे नोकरी केली, सैन्यात की व्यापारी जहाजावर, हे फाशांनी ठरते आणि त्या नोकरीत जी कौशल्ये मिळाली ती घेऊन ते खेळात उतरते. तेथे खेळ सुरू होण्याआधी, पूर्वायुष्य ठरवितानाच पात्र मरूही शकत असे! १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’मध्ये ज्या कौशल्याचा यशस्वी उपयोग कराल तेच वाढण्याची संधी मिळे, आणि ते वाढण्यासाठी टाकायचा फासा आजच्या कौशल्याहून वर पडावा लागे. जितके अधिक येते तितके पुढचे शिकणे अवघड, हा अनुभव ज्याने कोणतीही विद्या मनापासून केली आहे त्याला पटेल. पण तेथेही माणसाचा स्वभाव आडवा आलाच. ऐन लढाईत हातातील तलवार टाकून भाला घ्यायचा, भाल्याचा एक वार लागला की कुऱ्हाड उचलायची, म्हणजे प्रत्येक कौशल्यापुढे एक खूण मिळते, असे चतुर खेळाडू निघाले. परीक्षेत गुण मिळतात म्हणून विषय घेणारे विद्यार्थी मी तीस वर्षे पाहिले आहेत. मला नवल वाटले नाही.

तिसरी तऱ्हा खरेदीची. १९८६ साली टेक्सासमधील स्टीव्ह जॅक्सन यांनी काढलेली ‘गर्प्स’ ही पद्धत तिचे प्रसिद्ध उदाहरण. तिच्या जुन्या आवृत्त्यांत नायकाला साधारणतः १०० गुणांची पुंजी मिळे. शक्ती, चपळता, बुद्धी आणि प्रकृती हे चार मूलगुण. त्यांवर आधारलेली शेकडो कौशल्ये. प्रत्येकाची किंमत ठरलेली. पैसे संपले तर एखादे वैगुण्य पत्करून, म्हणजे लंगडेपणा, दारिद्र्य, तापट स्वभाव असे काही अंगावर घेऊन, थोडे गुण परत मिळविता येत. बाजारात पिशवी घेऊन जावे आणि आपल्याला हवा तो माणूस घेऊन यावे. मांत्रिकाला तलवार हवी? खुशाल घ्या, पैसे मोजा म्हणजे झाले.

व्हाइटफील्डमधील मुलांना ही खरेदीची पद्धत का आवडावी, ते मला हळूहळू कळले. माझा भाचा कंपनीत दुसऱ्यांच्या संगणकीय आज्ञावलींतील चुका शोधण्याचे काम करतो. आठवडाभर त्याने तेवढेच करायचे. चूक सापडली तरी ती दुरुस्त करायला हात लावायचा नाही, तो दुसऱ्याचा पेशा. त्याच्या मित्रांचीही हीच कथा. सोमवार ते शुक्रवार गळ्यात पेशाची पट्टी अडकवून बसलेल्या माणसाला रविवारी तरी तलवार, मंत्र आणि वैद्यकी सर्व काही हवेसे वाटले, तर त्यात त्याचा काय दोष?

ज्या गावात हे चालले होते त्या गावाचाही जन्म पेशा बदलण्याच्या एका प्रयोगातून झाला आहे. सकाळी फिरता फिरता मी जुन्या वसाहतीच्या भागात जात असे. १८८२ साली म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडेयर यांनी अँग्लो-इंडियन व युरेशियन लोकांच्या संघाला येथे ३,९०० एकर जमीन शेतीवस्तीसाठी दिली. त्या संघाचे संस्थापक डी. एस. व्हाइट, त्यांच्यावरून गावाचे नाव पडले. त्या समाजातील पुष्कळ माणसे रेल्वे, तारखाते अशा ठरावीक नोकऱ्यांत अडकलेली. त्यांना स्वतःची जमीन आणि शेतकऱ्याचे स्वतंत्र जीवन लाभावे, ही कल्पना. जमीन कागदावर देता येते. शेतकऱ्याचे कसब अंगी यायला वेळ लागतो, हे त्या वसाहतीला लवकरच उमगले असावे. पुढे पुष्कळ वर्षे ते एक शांत, मागे पडलेले गाव राहिले, आणि १९९० नंतरच्या दशकात तेथे संगणकाच्या उद्योगांच्या इमारती उठल्या.

पण मी टेबलाकडे परत येतो, कारण खरी गोष्ट तेथे घडली.

मंडळींनी अखेर पेशे सोडून खरेदीची पद्धत घेतली. भाच्याने आपल्या बुद्धीने एक भावपत्रक बेतले. प्रत्येकाला १०० गुण. कोणतेही काम करताना तीन साधे फासे टाकायचे; बेरीज आपल्या कौशल्याच्या आकड्याइतकी किंवा कमी आली की काम फत्ते. त्या दिवशी पुण्याहून नुकतीच बदलून आलेली एक मुलगी प्रथमच खेळायला आली होती. तिने मोठ्या हौसेने कागद भरला. थोडी तिरंदाजी, थोडी वैद्यकी, दोन भाषा, घोडेस्वारी, कुलूप उघडणे, झाडावर चढणे, स्वयंपाकसुद्धा. “काका, माझ्या पात्राला सगळं थोडं थोडं येतं,” असे तिने मला मुद्दाम येऊन सांगितले. माणसाला खरोखर असेच सगळे थोडे थोडे येते. मला तिचे पात्र फार आवडले.

तिच्या शेजारी बेळगावचा एक गडी होता. त्याने जवळजवळ सर्व पुंजी चपळतेत घातली आणि उरलेली तलवारीत.

खेळ तीन तास चालला. दरीचा कडा उतरायचा होता. बेळगावचा गडी अधिक चपळ, तो उतरला आणि त्याने वरच्यांसाठी दोर बांधला. पेटीला कुलूप होते. तेही त्यानेच उघडले, कारण भाच्याच्या भावपत्रकात हाताची सगळी कामे चपळतेवर लटकलेली होती. पहारेकऱ्याच्या नजरेतून निसटायचे होते, पुन्हा तोच. कोणाला जखम झाली तर नागपूरच्या मुलाने घेतलेला वैद्य अधिक निष्णात. दर वेळी ती मुलगी पुढे वाकून म्हणे, “मलाही येतं थोडं,” आणि दर वेळी कोणी तरी, अगदी सद्भावनेने, म्हणे, “पण याला जास्त येतं, यालाच टाकू दे.” दुसऱ्या तासानंतर तिने पुढे वाकणे सोडले. तिसऱ्या तासाला ती कागदाच्या कडेला वेलबुट्टी काढीत होती. निघताना तिने सर्वांचे आभार मानले आणि पुढच्या रविवारी आपल्याला काही काम असल्याचे सांगितले.

तीस वर्षे मी वर्गात उभा राहिलो आहे. पुढे वाकणारे मूल मागे टेकून बसते तो क्षण मी ओळखतो, आणि पुष्कळदा तो हुकल्याची चुटपुटही मला आहे. भाच्याच्याही ते ध्यानी आले होते. मंडळी गेल्यावर भावपत्रक माझ्यापुढे ठेवून तो म्हणाला, “मामा, तुम्ही गणिताचे मास्तर. यातल्या किमती कुठं चुकल्यात तेवढं बघून द्या ना.”

मी चार रात्री त्या कागदाशी झटापट केली. एक चूक तर उघड होती. शक्ती आणि चपळता यांची किंमत त्याने एकच ठेवली होती, आणि चपळतेच्या दोरीला दहा कौशल्ये बांधली होती. यात तो एकटा चुकला असे नाही. गर्प्समध्येही चारही मूलगुणांचा भाव पूर्वी सारखाच होता. २००४ च्या चौथ्या आवृत्तीत तो बदलला आणि शक्ती व प्रकृती यांची एक पायरी १० गुणांना, तर चपळता व बुद्धी यांची २० गुणांना झाली. जाणत्या माणसांना हिशेबाची ही दुरुस्ती करायला अठरा वर्षे लागली, हे ऐकून भाच्याला बरे वाटले.

पण किंमत दुप्पट करूनही माझे समाधान होईना. तीन फासे टाकले तर २१६ प्रकारे पडतात. कौशल्य १० असेल तर त्यांतील १०८ वेळा, म्हणजे बरोबर निम्म्या वेळा, काम जमते. कौशल्य १४ असेल तर १९६ वेळा. आता कुलूप उघडायचे आहे. बेळगावच्या गड्याचे कौशल्य १४. त्याला २१६ पैकी २० वेळा अपयश येणार. त्या अपयशानंतर आपल्या मुलीने आपल्या १० च्या कौशल्याने प्रयत्न केला, तर त्या वीसांपैकी निम्मे प्रसंग ती वाचविणार. म्हणजे दोघांचे मिळून यश २०६. आणि गंमत पाहा: बेळगावच्या गड्याने आपले कौशल्य १४ वरून एकाच पायरीने वाढवून १५ केले असते, तरी एकट्याचे यश नेमके २०६ च झाले असते. त्याच्या शेजारी बसल्यावर त्या मुलीच्या साऱ्या कुलूपविद्येची किंमत त्याच्या एका पायरीइतकी उरली. तीच मुलगी एकटीच प्रवासाला निघाली असती तर त्या विद्येने तिची निम्मी कुलपे उघडली असती.

मग कौशल्याची किंमत भावपत्रकात लिहायची कशी? शेजारी कोण बसणार आहे हे भावपत्रकाला ठाऊक नसते. आणि पुढे कुलपे येणार की नाहीत हेही ठाऊक नसते. तिने दोन भाषा शिकून घेतल्या होत्या. पण त्या दरीत बोलायला कोणी भेटलेच नाही. त्या भाषांचे दाम तिने मोजले होते, माल मात्र सूत्रधाराने दिला नव्हता.

संगणकावरच्या खेळांतही हेच दिसून आले आहे. १९९७ सालच्या ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये पेशे नव्हते, कौशल्यांची एकूण बेरीज ७०० च्या वर जाऊ द्यायची नाही, एवढेच बंधन होते. वाटेल त्या मिश्रणाची मुभा असताना खेळणाऱ्यांनी लवकरच चार-दोन हमखास मिश्रणे शोधून काढली आणि पुष्कळ जण त्याच वाटेने गेले. २०११ च्या ‘स्कायरिम’मध्येही पेशाची निवड नाही, आणि कोणीही कसेही सुरू केले तरी शेवटी तो अंधारात लपून बाण मारणारा तिरंदाजच होतो, अशी थट्टा त्याच्या खेळाडूंत रूढ आहे. पेशे दारातून काढून टाकले तरी खिडकीतून परत येतात. मात्र तेथे खेळणारा बहुधा यंत्रापुढे एकटा असतो. शेजारच्याने आपली वेळ घेतली असे त्याचे होत नाही.

मला या कोड्याचे उत्तर अनपेक्षित ठिकाणी दिसले. पाचव्या दिवशी दूरचित्रवाणीवर क्रिकेटचा सामना चालला होता. क्रिकेट हा वस्तुतः पेशाविरहित खेळ. नियमांना यष्टिरक्षक ठाऊक आहे, पण गोलंदाज म्हणून वेगळा माणूस त्यांत नेमलेला नाही. कर्णधार म्हणेल त्याने चेंडू टाकावा. तरीही त्या नियमांनी एक गोष्ट पक्की केली आहे. डाव संपेपर्यंत चालला तर अकराव्या माणसालाही बॅट घेऊन मैदानाच्या मध्यावर जावेच लागते, आणि तो तेथे असेतो हजारो डोळे त्याच्यावर असतात. त्याला येते किती, हा प्रश्नच नाही. शिवाय पन्नास षटकांच्या सामन्यात एकाने दहाहून अधिक षटके टाकायची नाहीत. म्हणजे संघात एखादा कितीही मोठा गोलंदाज असला तरी आणखी चार जणांच्या हाती चेंडू जाणारच.

आणि एकाच माणसाने सर्व करायचे ठरविले तर काय होते, तेही क्रिकेटने दाखविले आहे. १९५२ साली लॉर्ड्सच्या कसोटीत विनू मंकड यांनी ७२ आणि १८४ धावा काढल्या, ९७ षटके टाकली, पहिल्या डावात पाच बळी घेतले. आपल्या क्रिकेटच्या इतिहासात अशी एकहाती कामगिरी विरळाच. तो सामना भारत आठ गडी राखून हरला.

मी भाच्याला सांगितले, “बाबा रे, तुझ्या किमती मी सुधारून दिल्या आहेत, पण दुखणे किमतीत नाही.” पेशांच्या जुन्या पद्धतीत मांत्रिकावर कितीही अन्याय झाला, तरी एक वचन त्याला मिळालेले असे: मंत्र टाकायची वेळ आली की सगळे त्याच्याकडेच पाहतील. पेशा काढून टाकताना आपण ते वचनही काढून टाकले, आणि त्याच्या जागी दुसरे काही ठेवले नाही. तेव्हा खरेदीला बसण्यापूर्वी प्रत्येकाने सर्वांदेखत सांगावे की या टोळीत अमुक एक काम माझे. दुसऱ्याने ते विद्येपुरते शिकावे, पण पहिला असताना त्यात हात घालू नये. आणि सूत्रधाराने, म्हणजे तू, ते काम निघेल अशी जागा प्रत्येक रविवारी एकदा तरी गोष्टीत ठेवावी.

“पण मामा, हे म्हणजे पुन्हा क्लासच झाले की!” तो म्हणाला.

त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. तरी मला यात एक अंतर दिसते. पुस्तकातला पेशा घरी बसलेल्या कोणा ग्रंथकाराने वाटलेला असतो. हा सहा जणांनी समोरासमोर बसून, एकमेकांची तोंडे पाहून वाटून घेतलेला. तो उद्या बदलताही येतो. आणि ज्याला खरोखर सगळे थोडे थोडेच हवे आहे त्याच्यासाठीही जागा काढता येते: टोळी फुटली, दोन वाटांनी गेली, की वैद्य नसलेल्या वाटेवर त्याची थोडी वैद्यकी हीच सारी वैद्यकी होते. तेवढा प्रसंग सूत्रधाराने आणला पाहिजे.

भाच्याने त्या मुलीला फोन केला. पुढचा रविवार तिला खरोखरच मोकळा नव्हता, की तिने तसे सांगितले, हे मला माहीत नाही. त्यानंतरच्या रविवारी ती आली. खरेदीपूर्वी प्रत्येकाने आपले काम सांगायचे ठरले तेव्हा तलवार आणि कुलूप यांवरून बराच वाद झाला, आणि चहा दोनदा करावा लागला. तिची पाळी आली तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मला बोलायचं काम द्या. परक्या माणसांशी.” त्या कामासाठी दुसरे कोणी भांडायला आले नाही. घोडेस्वारी आणि स्वयंपाक मात्र तिने सोडला नाही.

त्या सुमारास माझा मुक्काम संपला आणि मी परत आलो. गणपतीत भाच्याचा फोन आला. मंडळी नदीकाठी पोचली होती. नावाडी परमुलुखातला, त्यांना नदीपार न्यायला तयार नव्हता. आणि ती मुलगी त्याच्याशी तासभर बोलत बसली होती. त्याच्या मुलाबाळांची चौकशी झाली, जुना तंटा निघाला, मिटला, आणि अखेर त्याने भाडे न घेता सर्वांना पैलतीरी पोचविले. त्या तासात बेळगावच्या गड्याची तलवार म्यानातून बाहेर निघाली नाही. खेळ संपल्यावर त्याने भाच्याकडे रीतसर तक्रार केली आहे की भावपत्रकात भाषेची किंमत फार कमी लावली आहे, ती मामांकडून वाढवून आणावी.